एक नंबरला कोण उठवतं

रूपानं चॉकलेटची चांदी थर्माकोलच्या तुकड्यावर नखानं घासून घासून गुळगुळीत चिकटवली, तो तुकडा प्लास्टिकच्या डब्यात सोडला आणि डबा छातीशी धरून ती नळाच्या खड्ड्यात उतरली. खड्डा तिच्या कमरेएवढा होता. मुकुंदवाडीच्या त्या उतरत्या गल्लीत प्रत्येक दारासमोर असा एक खड्डा होता, कारण पाण्याला आता वर चढायचा कंटाळा येऊ लागला होता. माणसांनीच खाली उतरून त्याला गाठायचं.

"उतरली का गं पाताळात?" ओट्यावरून आवडाबाईंनी विचारलं.

"उतरले. लई गार आहे इथं. या की तुम्हीबी."

"मी आले तर मला वर कोण काढंल? क्रेन आनावी लागंल वाळूजहून."

खराब झालेल्या माऊसच्या डाव्या बटणातून रूपानं दोन तारा काढल्या होत्या आणि त्या खिडकीतून अंगणात, अंगणातून खड्ड्यात आणल्या होत्या. नळ आला की डब्यात पाणी चढणार, थर्माकोल तरंगत वर येणार, त्याची चांदी दोन्ही तारांना टेकणार, आणि माऊसला वाटणार, कुणीतरी आपल्याला क्लिक केलं. क्लिक झालं की खोलीतला कम्प्युटर खिडकीतून आवडाबाईंच्या आवाजात ओरडणार, नळ आऽऽले! इतकं सोपं होतं सगळं. इतकं सोपं, की आजवर कुणाला सुचलं कसं नाही याचंच रूपाला नवल वाटत होतं.

"म्हंजे मी इथं नसताना मीच वरडनार," आवडाबाई म्हणाल्या. "जित्तेपनीच भूत केलं की गं माझं."

खड्ड्याशेजारी बसून भांडी घासणारी रूपाची आई, गीताबाई, खाली मान घालून हसली. ती नेहमी तशीच हसायची, भांड्यांना ऐकू येईल एवढंच.

आवडाबाईंचं घर गल्लीच्या अगदी खालच्या टोकाला होतं. त्यामुळे पाणी आधी त्यांच्या अंगणात यायचं आणि मग एकेक दार करत वर सरकायचं. वर जाईतो धार बारीक व्हायची, म्हणून पहिला हंडा भरायला सगळे इथंच यायचे. तीन वर्षांपूर्वी गावाकडच्या विहिरी आटल्या, तेव्हा रूपाचे वडील इंद्रजीत वाळूजच्या एका कंपनीत लागले आणि हे तिघं आवडाबाईंच्या मागच्या दोन खोल्यांत भाड्यानं राहायला आले. अंगण एकच, नळही एकच. पाणी कधी चौथ्या दिवशी यायचं, कधी आठव्या. यायचं पहाटेच, पण कोणत्या पहाटे ते खुद्द पाण्यालाही माहीत नसावं. आलं की जेमतेम तासभर टिकायचं. ज्याला कळलं नाही, त्यानं पुढचा आठवडा टँकरमागे हंडा घेऊन पळायचं. तरुण पोरांनी मोबाईलवर ग्रुप काढून पाहिला होता, पण झोपलेल्या माणसाचा मोबाईलही झोपलेलाच असतो. शेवटी गल्लीला उठवायच्या त्या आवडाबाईच. अंगणात बाजेवर झोपायच्या, पाणी आलं की उठून फाटकाशी उभ्या राहायच्या आणि हाक द्यायच्या. तीच हाक ऐकून इंद्रजीत दर वेळी म्हणायचा, "नळ आले! का, गेले कुठं होते? पाईप तर इथंच होता." दर वेळी तोच विनोद, आणि दर वेळी तो स्वतःच हसायचा.

आता आवडाबाईंच्या मुलानं नक्षत्रवाडीकडे चौथ्या मजल्यावर फ्लॅट घेतला होता. रविवारी तो त्यांना न्यायला येणार होता. सगळ्या गल्लीनं हळहळ केली, चहाला बोलावलं, आणि मग प्रत्येकानं हळूच एकच गोष्ट विचारली, आता हाक कोण देणार?

"मी देणार," रूपा म्हणाली होती. "म्हणजे माझा कम्प्युटर."

कम्प्युटर शाळेतला होता. शाळेत नवे आले तेव्हा अमेय सरांनी जुन्यांतला एक तिला दिला होता, वर तो चालवायला उबुंटू नावाच्या फुकटच्या लिनक्सची सीडी आणि छापलेल्या कागदांचा गठ्ठा. गेल्या वर्षापर्यंत वर्गात हात वर करायलाही घाबरणारी रूपा त्या डब्यासारख्या यंत्रासमोर बसली आणि कशी कोण जाणे, मोकळी झाली. ते तिला हसत नव्हतं. चुकलं तर चुकलं म्हणून सांगत होतं, आणि पुन्हा विचारायची वाट पाहत होतं.

"आता हाक द्या," खड्ड्यातून वर येत ती म्हणाली आणि वडिलांचा मोबाईल तिनं आवडाबाईंच्या तोंडासमोर धरला. "रेकॉर्ड करते."

"आत्ता? नळ कुठं आलेत आत्ता?"

"नुसती द्या की. खोटी."

आवडाबाईंनी तिच्याकडे असं पाहिलं, जसं काही तिनं देवळातला नारळ पळवायला सांगितला होता.

"खोटी हाक? नाय बाई. हाक खोटी नसती देयाची. पाणी येईल तवा घे तुला काय घेयाचं ते."

म्हणून त्या आठवड्यात रूपा अंगणात झोपली, मोबाईल उशीखाली ठेवून. झोप अर्धीच लागायची. अर्ध्या झोपेत तिला शहराच्या कडेला साताऱ्याच्या डोंगराखाली उगवणाऱ्या नव्या इमारती दिसायच्या. प्रत्येकीच्या डोक्यावर काळी टाकी. सगळ्या इमारती बायांसारख्या रांगेत उभ्या, डोंगराकडे तोंड करून, कुणीतरी पुढं सरका म्हणेल म्हणून वाट पाहत. रांग पार बीड बायपासच्याही पलीकडे गेलेली. आणि रांगेत पुढं कोण आहे ते कुणालाच दिसत नव्हतं.

अशाच एका पहाटे तिनं डोळे किलकिले केले. आकाश तांदळाच्या धुवणासारखं झालं होतं. खड्ड्याच्या काठावर कुणीतरी बसलं होतं. एक तळवा पाईपवर, मान जराशी कलती, जसं तापलेल्या लेकराच्या कपाळावर हात ठेवून कुणी बसावं तसं. मग ती आकृती उठली, आवाज न करता बाजेपाशी गेली आणि आवडाबाईंच्या पायाचा अंगठा तिनं अलगद धरला.

"आवडाबाई. आलं."

बाज करकरली. आवडाबाई उठल्या, पदर सावरला, फाटकाशी गेल्या.

"नळ आऽऽले!"

रूपा दचकून उठून बसली, उशीखाली हात घातला आणि दुसरी हाक तेवढी तिला मिळाली. तोवर गल्लीत कड्या निघाल्या, बादल्या वाजल्या, कुणाचं तरी पोर रडायला लागलं. आई रांगेत उभी होती, हंडा कमरेवर, इतर बायांसारखीच. खरं तर सगळ्यांच्या मागे, आपल्याच अंगणात. रूपानं ठरवून टाकलं, मघाचं स्वप्न होतं. पहाटे अशी स्वप्नं फार पडतात, आणि ती फार खरी वाटतात.

शनिवारी दुपारी तिनं पहिली परीक्षा घेतली. स्पीकरचं तोंड खिडकीबाहेर केलं, आवाज पूर्ण वाढवला, प्रोग्रॅम सुरू केला आणि खड्ड्यात उतरून तांब्यानं डब्यात पाणी ओतलं. थर्माकोल डुलत डुलत वर आला. चांदी तारांना टेकली.

"नळ आऽऽले!"

रूपा आनंदानं खड्ड्यातच टुणकन उडाली. पुढचं मात्र तिच्या डोक्यात आलंच नव्हतं. भर उन्हात गल्लीतली सगळी दारं धाडधाड उघडली. भानुमती काकू कणकेच्या हातांनी हंडा घेऊन धावत आल्या. काकासाहेब अर्धी दाढी झालेली, अर्ध्यावर फेस, दोन्ही हातांत बादल्या. मागून वरच्या टोकाचे आप्पासाहेब लुंगी सावरत, "अरे देवा, दुपारी कसं काय सोडलं?" म्हणत आले आणि खड्ड्यात एकटीच नाचणारी रूपा पाहून जागीच थांबले.

भानुमती काकूंनी कोरड्या नळाकडे पाहिलं.

"काकासाहेब," ओट्यावरून आवडाबाई म्हणाल्या, "मी तोंड उघडलेलं नाय. गवाही देते."

मग हशा झाला. काकासाहेबांनी फेसाचा एक ठिपका रूपाच्या नाकावर लावला. "बेटा, ही अर्धी दाढी आता तुझ्या नावानं ठेवतो."

भानुमती काकूही हसल्या, पण जाताना थांबल्या. त्या एका शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाल्या होत्या आणि अजूनही एक वाक्य दोनदा बोलायची वेळ स्वतःवर येऊ देत नसत.

"रूपा, गंमत एकदाच. हे पुन्हा ओरडलं आणि नळ कोरडा असला, तर तिसऱ्या वेळी कुणी उठणार नाही. आणि तिसऱ्या वेळी पाणी खरंच आलेलं असलं तर?"

रूपानं मान हलवली. नाकावरचा फेस तिला पुसावासा वाटेना.

रविवारी टेम्पो आला. बाज मात्र आवडाबाईंनी नेली नाही. "चौथ्या मजल्यावर बाज कुठं टाकू? लिफ्टात?" त्या म्हणाल्या. गल्लीतल्या बायांनी कुंकू लावलं, ओटी भरली. निघताना त्यांनी गीताबाईचा हात धरला.

"आता मला उठवायचं काम सरलं बघ तुझं," त्या म्हणाल्या.

रूपानं ते ऐकलं, पण तेव्हा ती खिडकीत उभी राहून दाताखाली धरलेली तार सोलत होती, आणि ऐकलेलं सगळं समजतंच असं नाही.

त्याच संध्याकाळी वीज गेली आणि आली. सरांनी कम्प्युटरला आधीच शिकवून ठेवलं होतं की वीज आली की कुणी बटण दाबायची वाट पाहायची नाही. तो आपला आपण गुरगुरत उठला, पडदा उजळला. रूपानं स्पीकरवर उशी दाबली, शनिवारची आठवण ठेवून, आणि आईला डब्यात पाणी ओतायला सांगितलं.

काहीच झालं नाही.

तिनं प्रोग्रॅम हातानं सुरू केला. उशीखालून आवडाबाई गुदमरलेल्या आवाजात ओरडल्या. पुन्हा बंद करून पाहिलं, पुन्हा चालू. यंत्र उठत होतं, पण उठल्यावर आपल्याला काय करायचंय ते विसरून नुसतंच बसून राहत होतं. हातानं सुरू करायचं तर पहाटे कुणीतरी जागं हवं. आणि कुणी जागंच असेल तर कम्प्युटर कशाला हवा? रूपा कीबोर्डवर डोकं टेकवून बसली. पडद्यावर आडवीतिडवी अक्षरं धावत राहिली. परवा किंवा तेरवा पाणी येईल असा गल्लीचा अंदाज होता.

दहावीचे उन्हाळी वर्ग सुरू होते. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत तिनं अमेय सरांना गाठलं. सर डबा खात होते.

"सर, मी कागदात लिहिलंय तसंच केलं. जिथं सांगितलंय तिथंच फाईल ठेवली. तरी ते आपोआप सुरू होत नाय."

"एक नंबरला कोण आहे पाहिलंस का?"

"कशात एक नंबर?"

सरांनी पोळीचा घास तसाच ठेवला. आवडीचा विषय निघाला की त्यांचं असंच व्हायचं.

"कम्प्युटर उठतो म्हणजे सगळं एकदम उठत नाही. आधी एक जण उठतो. मग तो बाकीच्यांना उठवतो, घड्याळाला, पडद्याला, आवाजाला. ज्यानं त्यानं आपापल्या पोरांना उठवायचं. पण पहिला तो एकच. त्याचा नंबर एक. आणि एखाद्या पोराचे आईबाप मधेच बंद पडले ना, तर ते पोर त्याच्या पदरात."

"म्हणजे आवडाबाई," रूपा म्हणाली.

"कोण?"

"काही नाही. पुढं?"

"पुढं हे, की एक नंबरवर कोण बसतो ते प्रत्येक लिनक्समध्ये सारखं नसतं. उबुंटूच्या जुन्या आवृत्तीत वेगळा होता, नव्यात सिस्टमडी नावाचा बसतो. जुन्याची जागा वेगळी, नव्याची वेगळी. तू तुझी फाईल कुणाच्या दारात ठेवलीस?" बोलता बोलता सर थांबले आणि त्यांनी कपाळावर हात मारला. "अरे! कागद मी तुला जुन्याचे दिले. आणि सीडी नवी. चूक माझी आहे, बाई."

रूपाला हसू फुटलं. "म्हणजे आवडाबाई नक्षत्रवाडीला गेल्या, आणि मी अजून त्यांच्याच दारात उभी."

"आवडाबाई कोण ते मला अजून कळलेलं नाही," सर म्हणाले. "घरी जाऊन आधी विचार. पी एस, जागा सोडून उणे पी, जागा सोडून एक. तो नाव सांगेल. अंदाजानं चालायचं नाही."

रूपा दारापर्यंत गेली आणि परत आली.

"सर, आणि एक नंबरला कोण उठवतं?"

"कर्नल."

"छावणीतला?"

मागच्या बाकावर डबा खाणारी मृण्मयी ठसकली. सरही हसले.

"तो नव्हे. कर्नल म्हणजे गर. चिंचोका फोडलास की आत असतो ना, तसा. तोच आधी जागा होतो आणि एक नंबरला उठवतो. गंमत अशी, की यादी मागितलीस तर एक नंबर दिसेल, दोन दिसेल, दोनशे दिसतील. त्यांना उठवणारा हा मात्र यादीत नसतो."

घरी आल्यावर रूपानं दप्तरही उतरवलं नाही. काळा पडदा उघडला. त्या काळ्या पडद्यावर लुकलुकणारी पांढरी रेघ तिला नेहमी कुणाच्या तरी श्वासासारखी वाटायची. पी एस. उणे पी. एक.

सिस्टमडी, पडद्यानं सांगितलं.

निघताना सरांनी नव्या पद्धतीचा कागद दिला होता आणि आणखी एक गोष्ट पाहायला सांगितली होती. जुन्या एक नंबरचं जे नाव, इनिट, ते अजून आहे का बघ. ते होतं. जुन्या जागी, जुन्याच नावानं. पण नावापुढं एक बारीक बाण होता आणि बाणाच्या टोकाला सिस्टमडी. म्हणजे कुणी जुन्या नावानं हाक मारली, तरी ओ देणारा दुसराच. रूपा त्या बाणाकडे बराच वेळ बघत राहिली. बाहेर ऊन उतरत होतं. खिडकीतून आवडाबाईंची रिकामी बाज दिसत होती, तिच्यावर आईनं कुरडया वाळत घातल्या होत्या.

आई उंबऱ्यात बसून लाल मिरच्यांची देठं मोडत होती. रूपा तिच्याशेजारी टेकली आणि ती पण देठं मोडू लागली.

"माय, आपल्या इथं सगळ्यात आधी कोण उठतं गं?"

"आवडाबाई."

"त्या तर गेल्या."

"मग तुझं मशीन." आईनं शिंक आवरली. "का?"

"त्या दिवशी पहाटे तू आवडाबाईंचा अंगठा धरला होता का, का मला सपान पडलं?"

"सपानच असंल."

"आणि पाईपवर हात?"

आईची बोटं थांबली. मग पुन्हा देठं मोडू लागली, पण हळू.

"पाईप सांगतो आधी," ती म्हणाली. "पान्याच्या आधी त्यात वारा येतो. हाताला गुदगुली होती. मला झोपेतबी कळतं. गावाकडं टँकर अजून वढ्याच्या पल्याड असायचा तवाच कळायचा."

"मग तू का नाय हाक देत? आवडाबाईंना उठवत बसायचं, मग त्यांनी हाक देयाची. सरळ तूच ओरड की."

"आपन नाय देयाची."

"का?"

"गावाकडं विहिरीत टँकर सोडला की आधी वरच्या आळीचं भरायचं. आपली वस्ती लिंबाखाली उभी. समद्यांचं झालं की तिकडून कुनीतरी हाक देयाचं, या आता म्हणून. मग जायचं. मला टँकर पयल्यांदा कळायचा अन् पानी शेवटाला मिळायचं." ती हे इतकं साधं बोलली, जसं आज भाजीत मीठ जरा कमी पडलं म्हणावं. "हाक आली की जायचं. आपन देयाची नसती."

"ते तिकडं. इथं कोण काय म्हणतंय?"

"इथं कुनी कायबी नाय म्हनत," आई म्हणाली. "गळ्याला सवय नाय."

रूपाकडे हल्ली प्रत्येक गोष्टीला उत्तर असायचं. वर्गात, दुकानात, रिक्षावाल्याशी घासाघीस करताना, सगळीकडे. आता तिनं तोंड उघडलं आणि मिरचीचा खकाणाच आत गेला. दोघीही खोकत राहिल्या, डोळ्यांतून पाणी काढत, आणि मग कशाला ते न कळताच हसत सुटल्या.

रात्रीच्या जेवणाआधी तिनं फाईल नव्या जागी, नव्या पद्धतीनं लिहून ठेवली. कम्प्युटर बंद केला, चालू केला, स्पीकरवर उशी दाबली, आईनं तांब्या ओतला. उशीखाली आवडाबाई ओरडल्या. हातही न लावता! रूपानं वडिलांच्या गळ्यात उडी मारली. इंद्रजीत कंपनीतून नुकताच आला होता. "आले का नळ?" तो म्हणाला. "बरं झालं. लई दिवस झाले होते जाऊन."

पंखा थांबला म्हणून तिला जाग आली. उकाडा अंगावर बसला होता. वीज गेली होती. खोलीत यंत्राचा एकही दिवा दिसत नव्हता. ती चटई ओढत दारात येऊन आडवी झाली. आकाश पुन्हा तसंच, तांदळाच्या धुवणासारखं.

आणि आई खड्ड्याच्या काठावर बसली होती. तळवा पाईपवर. मान कलती.

रूपा हलली नाही. स्वप्न असेल तर ते मोडू नये, आणि नसेल तर, नसेल तर काय ते तिला सांगता आलं नसतं. पाईपातून एक बारीक सुस्कारा आला. लांब कुठूनतरी, धरणापासून निघून, झोपलेल्या सगळ्या शहराच्या पोटाखालून आल्यासारखा. आई उठली. सवयीनं बाजेपाशी गेली, वाकली, हात पुढं केला. बाज रिकामी होती. हात तसाच राहिला. मग तिनं खिडकीकडे पाहिलं. खिडकीत स्पीकर काळाठिक्कर.

खड्ड्यात डब्यात पाणी पडू लागलं, टप टप, मग सलग.

हाक रूपाच्या गळ्यापर्यंत आली होती. तिच्या गळ्याला आता सवय होती; एका दमात तिनं गल्लीचं वरचं टोक गाठलं असतं. आई दाराकडे वळली, तिला उठवायलाच असेल. रूपानं डोळे घट्ट मिटले. ओठ दाताखाली धरले. श्वास झोपेसारखा केला. पावलं तिच्या पायांशी आली. थांबली. पायाच्या अंगठ्यावर बोटं टेकली, थंड, ओली.

"रूपे. आलं."

रूपा झोपली होती. इतकी गाढ ती जन्मात कधी झोपली नसेल.

पावलं परत गेली. फाटकाची कडी वाजली. खूप वेळ, निदान रूपाला खूप वाटला, पाणी पडण्याशिवाय काहीच ऐकू आलं नाही. मग एक घोगरा, अर्धवट आवाज निघाला आणि विरला; कुणी घसा साफ केला म्हणावं इतकाच. समोरचं कुत्रं उठून उभं राहिलं.

"नळ आऽऽले!"

गल्लीत पहिली कडी निघाली. मग दुसरी. मग बादल्या. रूपानं डोळे उघडले तेव्हा आई फाटकापासून परत येऊन खड्ड्यात उतरलेली होती आणि हंडा नळाखाली धरत होती, जणू काही झालंच नाही.

भानुमती काकू आल्या, काकासाहेब आले, आता पूर्ण दाढी केलेले. चुळबूळ, खणखण, पुटपुट.

"रूपा, आज यंत्रानं लाज राखली हो तुझी," भानुमती काकू म्हणाल्या. "हुबेहूब आवडाबाई."

रूपा चटईची घडी घालत राहिली.

तेवढ्यात वीज आली. पंखे घरघरले, कुणाच्या तरी घरात विसरून राहिलेला रेडिओ मधूनच बोलू लागला. खिडकीआडचा कम्प्युटर गुरगुरला. पडदा निळसर झाला, काळा झाला. रूपा तिथूनच सगळं पाहू शकत होती: आत कुणीतरी न दिसणाऱ्यानं एक नंबरला उठवलं, एक नंबरनं घड्याळाला, पडद्याला, आवाजाला, आणि सगळ्यांत शेवटी तिच्या प्रोग्रॅमला, बरोबर जागी, कुणी हात न लावता. गीताबाईनं भरला हंडा उचलला. डब्यातलं पाणी हिंदकळलं, थर्माकोल खाली जाऊन वर आला.

"नळ आऽऽले!" खिडकीतून आवडाबाई म्हणाल्या.

सगळे थांबले. काकासाहेबांनी खिडकीकडे पाहिलं, मग हातातल्या भरलेल्या बादलीकडे.

"आता उठलं होय हे! मग मघाशी कोण ओरडलं?"

कुणी कुणाकडे, कुणी कुणाकडे पाहिलं. मग एकेक करून सगळे खड्ड्याकडे पाहू लागले. गीताबाई कमरेपर्यंत जमिनीत उभी होती, डोक्यावर पदर, पदरावर पाण्याचे शिंतोडे. तिनं मान वर केली नाही.

"म्या," ती म्हणाली.

भानुमती काकूंनी हंडा खाली ठेवला.

"अगंबाई," त्या म्हणाल्या. "गीताबाई, एवढा आवाज होता तुम्हाला? आणि आम्ही तीन वर्षं..." त्यांचं वाक्य अर्धंच राहिलं. त्यांनी ते पुन्हा सुरू केलं नाही. मग वर उताराकडे पाहत म्हणाल्या, "आप्पासाहेबांचं दार अजून बंद दिसतंय. आवाज तिथवर गेला नाही वाटतं."

नळ वाहत होता.

रूपा आत गेली. पडद्यावर पांढरी रेघ लुकलुकत वाट पाहत होती. तिनं काहीच विचारलं नाही. स्पीकरची पिन उपसली, तार गुंडाळली आणि कोनाड्यात ठेवून दिली.

बाहेर फाटकाची कडी वाजली. कुणीतरी घसा साफ केला, या वेळी नीट, घाई न करता.

"आप्पासाहेब! ओ आप्पासाहेब! उठा की वो, नळ आऽऽऽले!"

उताराच्या वरच्या टोकाला, अगदी शेवटच्या घरात, दिवा लागला.